नाकावर शिंग असलेला इग्वानोडॉन: संग्रहालयांतल्या जुन्या प्रतिकृतींविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे क्रॉयडनला राहतात आणि मुलांना घेऊन वरचेवर क्रिस्टल पॅलेस पार्कात जातात. तळ्याकाठचे ते सिमेंटचे अवाढव्य डायनासोर मुलांच्या चांगल्या ओळखीचे झालेत. मग एका संग्रहालयात तेच प्राणी काचेमागे, छोट्या आकारात, प्लास्टरचे दिसले. त्यानंतर जुन्या वस्तूंच्या बाजारात तसाच एक इग्वानोडॉन ‘व्हिक्टोरियन, अस्सल’ म्हणून मांडलेला सापडला. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे छोटे प्राणी म्हणजे मोठ्यांची आठवण म्हणून काढलेल्या प्रती का? शास्त्राने कधीच बाद ठरवलेले हे नमुने संग्रहालयं इतकी जपतात कशासाठी? आणि बाजारातला तो इग्वानोडॉन घ्यावा का?

प्लास्टरच्या आणि रंगवलेल्या शिल्पांचं जतन हे माझं रोजचं काम आहे. त्यातही नामशेष प्राण्यांच्या या जुन्या प्रतिकृतींवर माझा विशेष जीव आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. छोटे आधी आले, मोठे नंतर.

१८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी हाइड पार्कात उभारलेला काचेचा महाल, म्हणजेच क्रिस्टल पॅलेस, पुढे तिथून हलवून सिडनहॅमच्या टेकडीवर नव्याने बांधला गेला. त्याच्या बागेत नामशेष प्राणी जिवंत असल्यासारखे उभे करायचे असं कंपनीने ठरवलं आणि १८५२ मध्ये ते काम बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराला दिलं. प्राण्यांची शास्त्रीय चित्रं काढण्यात त्याचा हात मुरलेला होता. १० जून १८५४ ला व्हिक्टोरिया राणीच्या उपस्थितीत महाल खुला झाला, म्हणजे त्याला दोन वर्षंही मिळाली नाहीत.

कामाची रीत हॉकिन्सने स्वतःच सांगून ठेवली आहे. उद्घाटनाच्या काही आठवडे आधी, १७ मे १८५४ ला, त्याने लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये व्याख्यान दिलं. आधी हाडं बघायची, मोजमापं घ्यायची. त्यावरून प्रत्यक्षाच्या एक षष्ठांश किंवा एक द्वादशांश आकाराचा नमुना घडवायचा. तो प्राण्यांच्या शरीररचनेचा अभ्यासक रिचर्ड ओवेन याच्यासारख्या जाणकारांना दाखवायचा, ते सांगतील ते बदलायचं. मग त्या नमुन्यावरून पूर्ण आकाराचा प्राणी मातीत, मातीवरून साचा, आणि साच्यावरून विटा-लोखंड-सिमेंटचा अखेरचा पुतळा. एकेका प्राण्याला ३० टनांपर्यंत माती लागली आणि ती सगळी चार पायांवर तोलायची होती. एरवी शिल्पकार घोड्याच्या पोटाखाली झाडाचं खोड किंवा खडक घालून भार पेलून नेतो. इथे ती सोय नव्हती, कारण प्राणी चालतो कसा हेच तर दाखवायचं होतं. उभ्या इग्वानोडॉनचा हिशेब त्याने दिला आहे: ९ फूट उंचीचे आणि ७ इंच जाडीचे ४ लोखंडी खांब, ६०० विटा, ९०० साधी कौलं, ५ इंची अर्धगोल पन्हळी कौलं ६५०, सिमेंटची ३८ पिंपं आणि फोडलेल्या खडीची ९०. हे म्हणजे चार खांबांवर घर बांधण्यासारखंच, असं तो म्हणाला.

असं घर बांधायला घेतल्यावर ‘मान जरा डावीकडे हवी होती’ म्हणून चालत नाही. मान किती वळवायची, पाय पोटाखाली सरळ घ्यायचे की सरड्यासारखे बाहेर फाकवायचे, शेपटी जमिनीला टेकवायची का, पाठीवर चरबी किती धरायची, हे सगळे निर्णय टेबलावरच्या नमुन्यात झाले. म्हणून ज्याला त्या काळची माणसं विचार कसा करत होती हे बघायचं आहे, त्याने तळ्याकाठच्या पुतळ्याइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, काचेमागच्या छोट्या प्राण्याकडे बघावं. बागेतल्या पुतळ्यांवर पावणेदोनशे वर्षांच्या ऊन-पावसाचे आणि डागडुजीचे थर आहेत. हायलिओसॉरसचं मूळ डोकं तर धडावर राहिलेलंच नाही, वजनाने तडे गेले म्हणून ते उतरवून फायबरग्लासचं हलकं डोकं बसवलं. २०२१ मध्ये मेगॅलोसॉरसच्या जबड्याचा भाग कोसळला. छोट्या नमुन्यांना घरात राहण्याचा फायदा मिळाला.

ओवेनचा वाटा नक्की किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. अलीकडचे अभ्यासक सांगतात की त्याने आपलं नाव वापरू दिलं, पाहुण्यांसाठी मार्गदर्शिका लिहिली, पण रोजच्या कामात तो फारसा नव्हता, निर्णय बरेचसे हॉकिन्सचेच. मला हे पटतं. स्नायू हाडावर कुठे चढतो आणि कातडी कुठे ओघळते हे ज्या सराईतपणे त्या नमुन्यांत दिसतं, ते प्राणी वर्षानुवर्षं रेखाटलेल्या माणसाचंच काम आहे.

आता विक्रीबद्दल. हॉकिन्सचा ‘डोळ्यांनी शिकवण्या’वर ठाम विश्वास होता, त्या व्याख्यानाचा विषयच तो होता. बागेत येऊ न शकणाऱ्या शाळा-कॉलेजांसाठी एका फुटाला एक इंच या प्रमाणातल्या प्लास्टरच्या प्रती काढण्यात आल्या. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर १४९ नंबरला जेम्स टेनंट याचं खनिजं आणि जीवाश्मांचं दुकान होतं. टेनंट किंग्ज कॉलेजात शिकवायचाही. त्याच्याकडे इग्वानोडॉन, मेगॅलोसॉरस, प्लेसिओसॉरस, लॅबिरिंथोडॉन ही मंडळी संच म्हणून मिळत. पुढे अमेरिकेत रॉचेस्टरच्या हेन्री वॉर्डने १८६६ च्या आपल्या सूचिपत्रात या प्रती घेतल्या आणि त्या तिकडच्या कॉलेजांत पोचल्या. तेव्हा तुम्ही काचेमागे पाहिलेला प्राणी हा बहुधा अशा शैक्षणिक संचातला आहे. मोठ्या पुतळ्याची आठवण म्हणून तो घरी नेला गेला असेलही, पण त्याचा खरा धंदा शिकवण्याचा होता.

दुसरा प्रश्न, ‘चुकीचे’ नमुने जपण्याचा. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण ‘त्या काळी लोकांना कळत नव्हतं’ असं म्हणून हा विषय झटकला जातो आणि ते या माणसांवर अन्यायाचं आहे. एकेक प्राणी घेऊन बघा.

इग्वानोडॉनच्या नाकावरचं शिंग सगळ्यांना माहीत असतं. जीवाश्म गोळा करणारा डॉक्टर गिडिअन मँटेल याला इंग्लंडच्या ससेक्समध्ये दात आणि काही हाडं मिळाली, त्यावरून त्याने १८२५ मध्ये प्राण्याला नाव दिलं. हाडांत एक शंकूसारखं टोकदार हाड होतं. ते कुठे बसवायचं? जिवंत सरड्यांत नाकावर शिंगासारखा उंचवटा असलेले प्राणी आहेत, म्हणून ते नाकावर गेलं. पुढे १८७८ मध्ये बेल्जियममध्ये बेर्निसारच्या कोळसा खाणीत, ३२२ मीटर खोल, पूर्ण सांगाडेच्या सांगाडे निघाले. लुई डोलोने त्यांचा अभ्यास केला आणि ते ‘शिंग’ हाताच्या अंगठ्याचं निघालं. तोवरच्या अर्ध्या शतकात हाती असलेल्या पुराव्यावरून याहून बरं काही सुचवता आलं असतं का, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना विचारते. उत्तर सोपं नाही.

मेगॅलोसॉरसच्या खांद्यावरचं वशिंड त्याहून बोलकं आहे. लोकांना वाटतं, शिल्पकाराने बैलासारखं काहीतरी काढून ठेवलं. तसं नाही. ससेक्समध्येच उंच काट्यांचे तीन मणके मिळाले होते आणि ओवेनच्या मते ते मेगॅलोसॉरसचे होते. इतके उंच काटे म्हणजे तिथे स्नायूंचा मोठा गठ्ठा, म्हणून वशिंड. ते मणके दुसऱ्याच एका मांसाहारी डायनासोरचे आहेत हे पुढे कळलं. शिल्पातली ती चढण थेट तीन हाडांपर्यंत जाऊन पोचते. पायही बघा. ओवेनने १८४२ मध्ये ‘डायनासोरिया’ हा गट मांडला, तेव्हा त्याचं म्हणणं होतं की हे प्राणी सरड्यासारखे फाकलेले नव्हते, त्यांचे पाय खांबासारखे अंगाखाली होते. छोट्या मेगॅलोसॉरसला खालून बघितलं की तो दावा प्लास्टरमध्ये दिसतो. आणि तो बरोबर होता. चार पायांवर चालण्याचा भाग तेवढा चुकला.

लॅबिरिंथोडॉनच्या बाबतीत आपल्याकडचाही एक धागा आहे. सिडनहॅमला हा प्राणी मोठ्या बेडकासारखा दाखवला आहे. ओवेनकडे कवटीचे तुकडे आणि दात होते, त्या दातांचा आडवा छेद घेतला की आत भुलभुलैयासारख्या घड्या दिसतात. शिवाय त्याच वयाच्या खडकांत माणसाच्या पंजासारखी पावलं उमटलेली मिळाली होती. दोन्ही एकत्र केली आणि बसका, मागचे पाय दणकट असलेला प्राणी तयार झाला. ती पावलं मगरींच्या जुन्या नात्यातल्या सरपटणाऱ्यांची होती, आणि खरे लॅबिरिंथोडॉन लांब शेपटीचे, चपट्या डोक्याचे होते, हे नंतर स्पष्ट झालं. याच सुमाराला नागपुरात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर हे स्कॉटिश मिशनरी आजूबाजूच्या खडकांतून जीवाश्म गोळा करत होते. नागपूरच्या दक्षिणेला मांगली इथे मिळालेली एक रुंद, आखूड कवटी त्यांच्यामार्फत लंडनला गेली आणि १८५५ मध्ये ओवेनने तिचं ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ म्हणून वर्णन केलं, याच लॅबिरिंथोडॉनच्या कुळात. म्हणजे बागेतले सिमेंटचे बेडूक उभे राहून वर्ष होतंय तोवर विदर्भातली कवटी त्याच माणसाच्या टेबलावर होती. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचं नाव रोज घेणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे, देव जाणे.

मला सगळ्यात आवडतो तो मोसासॉरस, समुद्रातला सरपटणारा प्राणी. त्याच्या कवटीची माहिती चांगली होती, मागच्या अंगाची तितकी नव्हती. हॉकिन्सने काय केलं? डोकं आणि पुढचा भागच घडवला आणि बाकीचं पाण्यात बुडवून टाकलं. जे ठाऊक नाही ते दाखवायचं नाही. डायसिनोडॉनला मात्र कासवासारखं कवच दिलं, कारण चोचीचा आणि दोन सुळ्यांचा तो चेहरा बघून त्याला कासवाची आठवण झाली असणार. कुठे हात आखडता घेतला आणि कुठे सैल सोडला, हे दोन्ही एकाच बागेत शेजारी शेजारी आहे.

अशा नमुन्यांत अमुक साली, अमुक हाडांवरून, काय समजलं होतं हे तीन मितींत नोंदलेलं असतं. शोधनिबंधात ‘बहुधा’, ‘कदाचित’ लिहून सुटता येतं. प्लास्टरमध्ये पाय कुठेतरी टेकवावाच लागतो. म्हणून संग्रहालय इग्वानोडॉनचं शिंग काढून अंगठ्यावर लावत नाही. आणि म्हणूनच ‘दुरुस्त’ केलेला नमुना माझ्या लेखी नासलेला नमुना आहे.

नमुना हरवला की काय जातं, हे न्यूयॉर्कने दाखवलं. १८६८ मध्ये हॉकिन्सला सेंट्रल पार्कसाठी अमेरिकेतल्या नामशेष प्राण्यांचं संग्रहालय उभारायचं काम मिळालं. त्याच वर्षी त्याने फिलाडेल्फियात जीवाश्मतज्ज्ञ जोसेफ लीडीबरोबर हॅड्रोसॉरसचा सांगाडा उभा केला. जगात उभा करून दाखवलेला डायनासोरचा तो पहिला सांगाडा, आणि तोही दोन पायांवर. न्यूयॉर्कसाठीचे प्राणी मात्र लोकांसमोर आलेच नाहीत. ३ मे १८७१ ला माणसं पाठवून घणांनी नमुने आणि साचे फोडण्यात आले. दीडशे वर्षं याचा दोष शहरातला बडा राजकारणी विल्यम ट्वीड याच्यावर होता. २०२३ मध्ये व्हिक्टोरिया कूल्स आणि मायकेल बेंटन यांनी जुनी कागदपत्रं तपासून दाखवलं की आदेश पार्क मंडळाचा खजिनदार हेन्री हिल्टन याचा होता. आदेश कुणाचा हे कागदावरून उलगडलं. प्राण्यांच्या अंगलटीचं मात्र काही चित्रांपलीकडे हाती राहिलेलं नाही. हॉकिन्स आधीच्या दोन पायांच्या हॅड्रोसॉरसवरून किती शिकला होता, सिडनहॅमनंतर त्याचा हात कुठवर बदलला होता, हे बोटांनी चाचपून बघता आलं असतं.

छोट्या नमुन्यावर आधी भांडून घ्यायचं ही रीत पुढेही टिकली. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत बार्नम ब्राउनने टायरॅनोसॉरसचे दोन चांगले सांगाडे आणले होते, १९०२ आणि १९०८ चे. दोघांना एका शिकारीवर झुंजताना दाखवायचं संग्रहालयाचा अध्यक्ष हेन्री ऑसबॉर्न याच्या मनात होतं. एर्विन ख्रिस्टमन या तिथल्या कलाकाराने एक षष्ठांश आकाराचे सांगाड्यांचे नमुने केले आणि ते वेगवेगळ्या पवित्र्यांत मांडून बघितले. ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातले सापांचे जाणकार रेमंड डिटमर्स यांचाही सल्ला घेतला. ऑसबॉर्नने १९१३ मध्ये हे सगळं छापलं. दालनात तेवढी जागा नव्हती, झुंज कधीच उभी राहिली नाही; १९१५ मध्ये एकटा टायरॅनोसॉरस शेपूट टेकून उभा राहिला आणि त्याच रूपात कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांत बसला. ख्रिस्टमनच्या छोट्या सांगाड्यांतल्या वाकलेल्या पाठी आणि पुढे झेपावलेली डोकी बघितली की कळतं, चपळ टायरॅनोसॉरस १९१३ मध्येही सुचला होता.

त्याच संग्रहालयासाठी चित्रं काढणारा चार्ल्स नाइट जवळपास अंध होता. लहानपणी एका डोळ्याला दगड लागला होता आणि दुसऱ्याची नजरही अधू होती. मोठं चित्र रंगवण्याआधी तो प्राणी मातीत घडवायचा आणि प्रकाशात ठेवून सावली कुठे पडते ते बघायचा. त्याच्या चित्रांतले प्राणी इतके वजनदार का वाटतात, याचं कारण ते छोटे पुतळे आहेत. वॉशिंग्टनला चार्ल्स गिलमोर आणि लंडनला कॅप्टन व्हर्नन एडवर्ड्स यांनीही अशा प्रतिकृती केल्या. त्यांच्याबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवं.

विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारापासून हे प्राणी संग्रहालयाच्या दुकानात आले: आधी धातूचे, मग १९५० च्या दशकात मार्क्स कंपनीचे प्लास्टिकचे, १९७० च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या नॅचरल हिस्टरी विभागासाठी इन्व्हिक्टाने काढलेले एकरंगी, १९८८ पासून कार्नेगी संग्रहाचे. आता तेही नोंदवहीत चढू लागलेत आणि चढायलाच हवेत. मुलांच्या मनातला डायनासोर त्यांनीच घडवला.

आता तुमचा बाजारातला इग्वानोडॉन.

पहिली गोष्ट, नाकावरचं शिंग हा वयाचा पुरावा नाही. सिडनहॅमच्या प्राण्यांच्या प्रती आजही निघतात, अगदी रेझिनमध्ये. गालाला लावून बघा. प्लास्टर थंड लागतं, रेझिन लवकर कोमट होतं. नखाने हलकेच टिचकी मारली की प्लास्टरचा आवाज भांड्यासारखा येतो, रेझिनचा बसका. विक्रेत्याने परवानगी दिली तर बूड बघा. जुन्या प्लास्टरचं बूड क्वचितच एकसारखं पांढरं असतं. हाताचा तेलकटपणा, धूळ आणि वर लावलेली लाख यांनी ते जुन्या हस्तिदंतासारखं पिवळट झालेलं असतं. हा पिवळेपणा चहाच्या पाण्यानेही आणता येतो, पण चहा सगळीकडे सारखा मुरतो. खरा मळ हात लागतो तिथे जास्त आणि काखेत, मानेच्या घडीत कमी असतो. धूळ मात्र नेमकी उलटी, घडीत जास्त.

मग टॉर्च आडवा धरून कातडीवरून फिरवा. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात ज्यांनी साचे पाहिलेत त्यांना पुढचं पटकन कळेल: पहिल्या साच्यातून निघालेल्या मूर्तीच्या बोटांवरच्या रेषा आणि मूर्तीवरूनच पुन्हा साचा काढून ओतलेल्या मूर्तीच्या रेषा यांत फरक पडतो. इथेही तसंच. जुन्या चांगल्या प्रतीत प्रत्येक खवला वेगळा उठून दिसतो, पापणीची कड धारदार असते, नखांच्या मुळाशी कोरणीची खूण असते. प्रतीवरून काढलेल्या प्रतीत खवले साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत होतात आणि मूळ प्रतीतला एखादा टवका, एखादा बुडबुडा तसाच्या तसा उतरतो. टवका आहे पण त्याच्या आतला भाग बाहेरच्याच रंगाचा आणि कडा गोल, तर तो टवका दुसऱ्याच कुठल्या प्राण्याला कधीतरी गेला होता असं समजा.

जोडाच्या रेषा शोधा. अनेक तुकड्यांचा साचा असेल तर पोटाखालून, मांडीच्या आतून अशा बारीक रेषा जातात, बाहेरून त्या घासून टाकलेल्या असतात पण आतल्या बाजूला राहतात. सरसाच्या लवचीक साच्यांत रेषा कमी, आजच्या सिलिकॉनमध्ये जवळजवळ नाहीतच. पाय आणि शेपटीत आधाराला तार असते. ती लोखंडी असेल तर गंजून फुगते, प्लास्टरला लांबट तडा देते आणि तपकिरी डाग उमटतो. शेपटीच्या लांबीने धावणारी अशी भेग दिसली तर मला बरं वाटतं, जरी संवर्धक म्हणून ती माझी डोकेदुखी असली तरी. अशी भेग नकली बनवणं कठीण आहे.

खरेदी महागाची असेल तर दोन तपासण्या करून घ्याव्यात. अतिनील दिव्याखाली जुनी लाख नारिंगी झळकते. आणि रंगात टायटॅनियमचा पांढरा सापडला तर तो थर १९२० च्या आसपासचा किंवा नंतरचा आहे, कारण त्याआधी तो रंग बाजारातच नव्हता. तेवढ्यावरून मूर्ती नवी ठरत नाही. ती जुनी असून नंतर रंगवलेली असू शकते, आणि हे फार वेळा घडतं. आपल्याकडच्या एका शाळेतून, नाव घेत नाही, माझ्याकडे प्लास्टरचा स्टेगोसॉरस आला होता. गणपतीच्या सुट्टीत शाळेची रंगरंगोटी झाली तेव्हा उरलेल्या हिरव्या ऑइल पेंटने कुणीतरी त्यालाही झळकवून टाकलं होतं. पाठीवरच्या एका पट्टीच्या मुळाशी नखाएवढा भाग मोकळा केला, तेव्हा खाली राखाडी-तपकिरी रंगाचा पातळ हात निघाला, त्यावर ओल्या कुंचल्याने टिपलेले गडद ठिपके, एकेका खवल्याच्या मधोमध. ज्याने ते ठिपके दिले त्याने तासन्‌तास खर्च केले होते. तो हिरवा थर सगळा काढायला आम्ही धजावलो नाही, प्लास्टरने तो पिऊन घेतला होता.

शेवटी कागद. टेनंटच्या किंवा वॉर्डच्या दुकानाचं लेबल, शाईने लिहिलेला क्रमांक, एखाद्या कॉलेजच्या साठ्याच्या नोंदीची चिठ्ठी. बुडावर असं काही असेल तर किंमत दुपटीने वाढते आणि फसवणुकीची शक्यताही. लेबलाचा कागद प्लास्टरइतकाच मळलेला आहे का, डिंक बाहेर पिवळा झालाय का, क्रमांक लाखेच्या खाली आहे की वर, हे बघा. वस्तू कुणाकडून आली हे विक्रेत्याला सांगता येत नसेल तर मी ‘अस्सल’ या शब्दासाठी एक पौंडही जादा देणार नाही. चांगली जुनी प्रत म्हणून आवडली, परवडली, तर खुशाल घ्या. विकत घेण्याआधी चारही बाजूंचे आणि बुडाचे फोटो लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या प्रतीच्या फोटोंशी ताडून बघा. पायांची ठेवण आणि पायथ्याच्या खडकाचा आकार आधी जुळवा, चेहरा नंतर. चेहऱ्याला टवके जास्त जातात आणि तो जास्त वेळा दुरुस्त केलेला असतो.

घेतलाच, तर त्याला पाणी लावू नका. प्लास्टर म्हणजे जिप्सम, एका लिटर पाण्यात ते साधारण दोन ग्रॅम विरघळतं. ओल्या फडक्याने एकदा पुसलं तरी खवल्यांची धार जाते आणि मळ आत ओढला जातो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ वर उडवायची आणि शेजारी धरलेल्या व्हॅक्यूमच्या तोंडाला जाळी बांधून ती पकडायची. उचलताना शेपटी किंवा मान धरू नका, एक हात पायथ्याखाली, दुसरा पोटाला. रेडिएटरच्या वरचं फडताळ आणि ओल येणारी भिंत दोन्ही टाळा. कोकणात किंवा मुंबईत कुणी असं काही बाळगून असेल तर पावसाळ्यात बुरशी बघत राहावी आणि भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवावं. वरून वॉर्निश मारू नका. तुकडा पडला तर फेविक्विक लावू नका. तुकडा पाकिटात घालून तारीख लिहा आणि संवर्धकाकडे न्या, आम्ही जो चिकटा वापरतो तो पुढे कधीही विरघळवून काढता येतो. शिसं असलेल्या जुन्या धातूच्या प्रतिकृती असतील तर त्या प्लायवूडच्या बंद कपाटात ठेवू नका, लाकडातून निघणाऱ्या आम्ल वाफांनी त्यांवर पांढरी भुकटी धरते. आणि मुलांचे जुने मऊ प्लास्टिकचे डायनासोर चिकट व्हायला लागले असतील तर ते एकमेकांना लागून ठेवू नका, रंग एकाचा दुसऱ्याला लागतो.

फोटो काढाल तेव्हा एक पट्टी शेजारी ठेवा, सेंटिमीटर आणि इंच दोन्ही असलेली. संचातल्या प्रती एका फुटाला एक इंच या मापाच्या होत्या, त्यामुळे नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत वळणावरून दोरीने घेतलेलं माप मला सगळ्यात आधी हवं असेल. त्यानंतर बुडाचा फोटो.